भरलेले व्याख्यानगृह आणि बिनतारी इंटरनेट

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)





अशा समारंभात बोलावयास उभे राहणाऱ्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे असा प्रघात आहे. ते महत्त्व आपणांस पटलेले आहे म्हणूनच आपण मुलाबाळांना घेऊन येथे आला आहात. तेव्हा तो भाग सोडून मी एका साध्या आणि रोजच्या अडचणीविषयी बोलणार आहे. आपल्या महाविद्यालयाच्या मोठ्या व्याख्यानगृहात बिनतारी इंटरनेट, म्हणजे आपण सारे ज्याला वाय-फाय म्हणतो ते, बसवावे असा विचार चालू आहे. त्यासाठी देणग्याही गोळा होत आहेत. माझा व्यवसाय संगणकांची जाळी उभारण्याचा. त्यामुळे हे काम नीट कसे होईल ते पालकांना समजेल अशा भाषेत सांगा, असा मला हुकूम झाला.

प्रथम एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाने (त्याचे नाव घेण्याचे कारण नाही) अंतर्गत चाचणी मोबाईलवर घ्यावयाचे ठरवले. व्याख्यानगृहात १८० मुले-मुली बसली होती. वाय-फाय नवे होते, बाहेरून येणारी लाईनही मोठी घेतली होती. आदल्या रविवारी रिकाम्या सभागृहात तपासणी झाली तेव्हा सर्व उत्तम चालले. सोमवारी अकरा वाजता प्राध्यापकांनी "सुरू करा" म्हटले आणि १८० बोटांनी एकदम बटण दाबले. पाच मिनिटे झाली तरी निम्म्याहून अधिक फोनांवर नुसते चक्र फिरत होते. ज्यांच्या फोनमध्ये स्वतःचा डेटा पॅक शिल्लक होता त्यांनी वाय-फाय बंद केले आणि स्वतःच्या पैशाने चाचणी दिली. ज्यांचा पॅक संपला होता ती मुले चक्राकडे पाहत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मला तेथे पाहणीसाठी बोलावले होते. शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी भेटली. हातात भावाचा जुना फोन. ती एवढेच म्हणाली, "सर, मला उत्तरे येत होती."

हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. वर्गातले इंटरनेट बंद पडते तेव्हा सर्वांचे सारखे नुकसान होत नाही. ज्याच्या घरी सोय आहे तो निभावून नेतो. ज्याच्यासाठी आपण ही सोय करतो नेमका तोच मागे राहतो. म्हणून चांगले वाय-फाय कोणते, याची माझी व्याख्या अगदी साधी आहे. सभागृह पूर्ण भरलेले असताना शेवटच्या बाकावरच्या सर्वांत स्वस्त फोनवर जे चालते, ते चांगले. पुढच्या रांगेतल्या महागड्या फोनवर वेग किती दिसतो, ही कसोटी नव्हे.

त्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापकांचे मत होते की लाईन लहान पडली, आणखी मोठी घेऊ. मी नोंदी काढून दाखवल्या. चाचणीच्या वेळी त्या लाईनचा पाव भागसुद्धा वापरला गेला नव्हता. मग अडले कोठे? हे समजण्यासाठी आपल्या नेहमीच्या पाहण्यातले एक उदाहरण घेऊ.

जुम्म्याच्या दिवशी मशिदीच्या वजूखान्यात काय होते ते आठवा. गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी आहे आणि खाली नळ आहेत सहा. खुतब्याला पाच मिनिटे राहिली असताना शंभर माणसे वजूसाठी आली. आता कोणी म्हणेल की टाकी दहा हजार लिटरची करा, तर रांग कमी होईल काय? पाणी भरपूर आहे, नळ कमी आहेत. व्याख्यानगृहातही तसेच आहे. बाहेरून येणारी लाईन ही टाकी होय. छताला किंवा भिंतीला लावलेली पांढरी डबी, जिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात, तो नळ होय. एका नळावर एका वेळी एकच माणूस वजू करतो, त्याप्रमाणे एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे फुकट जाते आणि दोघांनाही पुन्हा बोलावे लागते.

ही गोष्ट नवी नाही. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरील यंत्रे रेडिओच्या साहाय्याने होनोलुलूच्या संगणकाशी जोडली. त्या योजनेचे नाव अलोहानेट. तिचा नियम असा होता की ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे, टक्कर झाली तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावे. हिशेब केला तेव्हा दिसून आले की या पद्धतीत गर्दी वाढली की चॅनलचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो. बाकीचा वेळ टकरींत किंवा रिकामाच जातो. पुढे १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक आले. त्यात "आधी ऐका, मग बोला" असा शिष्टाचार घातला गेला. प्रत्येक उपकरण प्रथम हवा शांत आहे काय ते ऐकते, मग मनाशी काही क्षण मोजते आणि मग बोलते. पाच-दहा जणांत हा शिष्टाचार सुरेख चालतो. दोनशे जणांत पुष्कळांचे मोजणे एकाच क्षणी संपते आणि टकरी होतात. शिवाय सभागृहाच्या दोन टोकांना बसलेल्या दोघांचे फोन एकमेकांना ऐकू येत नाहीत. दोघांनाही वाटते की हवा शांत आहे. दोघेही बोलतात आणि मधल्या डबीला काहीच कळत नाही.

मित्रांनो, येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जो संथ बोलतो तो सर्वांचा वेळ घेतो. दीड हजार बाइटचे एक पाकीट, म्हणजे बारा हजार बिट, सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने पाठवण्यास १२ मिलिसेकंद लागतात. तेच ५४ मेगाबिटच्या वेगाने पाव मिलिसेकंदाच्या आत जाते. म्हणजे एका संथ पाकिटाच्या वेळात पन्नासाहून अधिक जलद पाकिटे गेली असती. वजूखान्यात एका नळावर एखादे वृद्ध चाचा सावकाश बसले तर मागची सारी रांग थांबते. त्यात चाचांचा दोष नाही, नळ कमी आहेत हा दोष आहे. फोनचेही तसेच समजावे. फोन संथ का बोलतो? तो स्वस्त आहे म्हणून थोडाफार, पण मुख्यतः तो डबीपासून लांब आहे म्हणून. आवाज पुसट झाला की फोन आपण होऊन सावकाश, सुटे सुटे बोलू लागतो.

यावर पुष्कळ ठिकाणी एक चुकीचा उपाय करतात. डबीची शक्ती वाढवतात. वर्गात सरांनी ध्वनिक्षेपक घेतला तर शेवटच्या बाकावर त्यांचा आवाज पोहोचतो, हे खरे. पण त्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न सरांपर्यंत पोहोचतो काय? त्याच्या हातात ध्वनिक्षेपक नसतो. फोनची शक्ती लहान असते. डबीचा आवाज वाढवल्याने फोनवर पट्ट्या पूर्ण दिसतात, पण फोनचे उत्तर डबीला ऐकू येत नाही. पट्ट्या पूर्ण आणि काम शून्य, हा अनुभव आपणांपैकी अनेकांनी घेतला असेल.

आता त्या रविवारच्या तपासणीचे पाहू. रिकाम्या सभागृहात सर्व चालले आणि भरलेल्या सभागृहात बंद पडले. याला फोनांची संख्या हे एक कारण, पण दुसरेही आहे. मनुष्यदेहात बराचसा भाग पाण्याचा असतो आणि पाणी या रेडिओ लहरी शोषून घेते. दोनशे माणसे बसली म्हणजे डबी आणि फोन यांच्यामध्ये जणू पाण्याची भिंतच उभी राहते. म्हणून डबी माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच, मोकळ्या जागी लावावी. लोखंडी कपाटामागे किंवा पत्र्याच्या वर ठेवू नये. अमेरिकेत सँटा क्लारा येथे २०१४ साली सुरू झालेल्या लीव्हाइज स्टेडियमच्या अभियंत्यांनी याच अडचणीचा उपयोग करून घेतला. त्यांनी डब्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांखाली बसवल्या. प्रेक्षकांची शरीरे लहरी अडवतात, म्हणून एका डबीचा आवाज दूरच्या डबीपर्यंत जात नाही आणि तेच चॅनल थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते. आपल्याला एवढे मोठे काम करावयाचे नाही, पण त्यातले तत्त्व घेण्यासारखे आहे. गर्दीत एक मोठा आवाज उपयोगाचा नाही. अनेक लहान आवाज, प्रत्येक आपापल्या कोपऱ्यापुरता, असे पाहिजे.

मग आपल्या २०० आसनांच्या सभागृहासाठी काय करावे? नियोजन करताना एका डबीमागे साधारण तीस ते पन्नास चालू उपकरणे धरावीत. त्या हिशेबाने पाच-सहा डब्या लागतील. प्रत्येकीला वेगळे चॅनल हवे. चॅनल कोठून मिळणार, तर त्यासाठी मुख्यतः दोन पट्टे आहेत. जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. तो भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनले तीनच, ती म्हणजे १, ६ आणि ११. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. त्यातली परवानामुक्त जागा आपल्या देशात २०१८ मध्ये बरीच वाढली आणि आता त्यात वीसहून अधिक चॅनले बसतात. मात्र त्यांतली काही रडारशी वाटून घ्यावी लागतात. रडार ऐकू आले की डबीला ते चॅनल सोडावे लागते. म्हणून जवळ बंदर, विमानतळ किंवा हवामान खात्याचे रडार असेल तर ती चॅनले आधी पारखून घ्यावीत.

आणखी एका मोहापासून सावध राहावे. बसवणारा माणूस आपल्याला वेगाची चाचणी करून दाखवतो आणि मोठा आकडा दिसला की आपण खूश होतो. तो आकडा चार चॅनले एकत्र जोडून काढलेला असतो. एकट्या माणसाला चार नळ दिले तर त्याची वजू झटपट होईल, पण शंभर माणसांना चार वेगळे नळ अधिक उपयोगी. गर्दीच्या सभागृहात २० मेगाहर्ट्झची अरुंद चॅनले घ्यावीत आणि ती जास्तीत जास्त डब्यांना वाटावीत.

तंत्रज्ञांत एक सल्ला सर्रास दिला जातो की २.४ चा जुना पट्टा बंदच करून टाका, त्यात गर्दी फार. तांत्रिक दृष्ट्या सल्ला चुकीचा नाही. पण तो सल्ला देणाऱ्याने शेवटच्या बाकावर कोण बसते ते पाहिलेले नसते. जुन्या आणि स्वस्त फोनांपैकी पुष्कळांना ५ चा पट्टा मुळी ऐकूच येत नाही. तो पट्टा एकटा ठेवला तर जिच्या हातात भावाचा जुना फोन आहे तिला आपण दार बंद केले असे होईल. म्हणून माझी सूचना याच्या उलट आहे. सहाही डब्या ५ च्या पट्ट्यावर चालवाव्यात. त्यांपैकी तीनच डब्यांवर २.४ चालू ठेवावा आणि त्यांना १, ६, ११ अशी चॅनले द्यावीत. ज्या फोनांना दोन्ही पट्टे समजतात त्यांना वरच्या पट्ट्यात पाठवण्याची व्यवस्था डब्यांतच असते. ती चालू करावी. नव्या फोनवाले वर गेले म्हणजे खालचा पट्टा जुन्या फोनवाल्यांसाठी मोकळा राहील. ज्याला दुसरी वाट आहे त्याने ती धरावी आणि ज्याला एकच वाट आहे त्याला ती सोडून द्यावी, एवढाच यातला विचार आहे. आपल्या घरांतून आपण मुलांना हेच शिकवतो.

२०२१ मध्ये मान्य झालेल्या मानकात, ज्याला वाय-फाय ६ म्हणतात, एक चांगली सोय आहे. पूर्वी प्रत्येक पाकिटासाठी स्वतंत्र खेप करावी लागे. आता एकाच खेपेत अनेकांची लहान पाकिटे जातात. एकेका प्रवाशासाठी रिक्षा करण्याऐवजी सर्वांनी मिळून एस.टी.ने जावे तसे हे आहे. डब्या नव्याच घेणार असाल तर या मानकाच्या घ्याव्यात. पण त्याचा पूर्ण फायदा नव्या फोनांनाच मिळतो. म्हणून केवळ नवी डबी आणली की काम झाले, असे समजू नये.

काही गोष्टींना पैसा लागत नाही, फक्त लक्ष लागते. पहिली गोष्ट जाळ्यांच्या नावांची. प्रत्येक डबी आपले नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारते आणि तेही सर्वांत संथ वेगाने, म्हणजे सर्वांना ऐकू जावे म्हणून. काही संस्थांत शिक्षकांसाठी एक नाव, विद्यार्थ्यांसाठी एक, कार्यालयासाठी एक, पाहुण्यांसाठी एक अशी चार नावे ठेवतात. सहा डब्यांची चार-चार नावे झाली की सेकंदाला सुमारे २४० आरोळ्या होतात. एस.टी. स्टँडवर फेरीवाल्यांचाच गलबला झाला तर बाकीच्यांनी बोलावे कसे? नावे एक किंवा फार तर दोन ठेवावीत. तसेच अगदी जुने १ आणि २ मेगाबिटचे संथ वेग बंद करावेत, म्हणजे या आरोळ्याही लवकर आटोपतील. डब्या जवळ जवळ असल्या म्हणजे जुन्या फोनलाही त्या संथ वेगाची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक फोनला एक तात्पुरता पत्ता मिळतो. साध्या मांडणीत असे पत्ते अडीचशेच्या आसपास असतात आणि दिलेला पत्ता पुष्कळदा चोवीस तास परत घेतला जात नाही. सकाळच्या तासाला दोनशे मुले आली आणि पत्ते घेऊन घरी गेली. दुपारच्या दोनशे मुलांना द्यावयास पन्नासच उरले. अशा वेळी सारे लाईनला दोष देतात, पण ग्रंथालयाची टोकने मुलांच्या खिशातच राहून गेली, असा हा प्रकार असतो. सुमारे हजार पत्ते ठेवावेत आणि तासा-दोन तासांनी ते परत घ्यावेत. हे काम एका बैठकीत होते.

तिसरी गोष्ट तारेची. जे हलत नाही त्याला हवेवर ठेवू नये. व्यासपीठावरचा संगणक, प्रोजेक्टर, कॅमेरे, कार्यालयातील संगणक हे सर्व केबलने जोडावेत. हवेतला वेळ फक्त हातातल्या फोनांसाठी राखावा. डब्यांनाही केबल लागतेच आणि त्याच केबलमधून त्यांना वीजही देता येते. अशी केबल १०० मीटरपेक्षा लांब नसावी. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार न नेता फायबर न्यावी, कारण पावसाळ्याच्या तोंडी वीज कडाडली की तांब्याच्या तारेवाटे दोन्हीकडची यंत्रे जळतात. मुख्य स्विच आणि राउटर यांना यूपीएस द्यावा. वीज दोन मिनिटे गेली तर सारे जाळे पुन्हा उभे राहण्यात तासाचा बराच भाग निघून जातो.

आणि चौथी गोष्ट, जी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. सामान देणाऱ्याचे अखेरचे बिल चुकते करण्यापूर्वी सभागृह विद्यार्थ्यांनी पूर्ण भरावे, प्रत्येकाने आपला रोजचाच फोन आणावा, सर्वांनी एकदम एकच पान उघडावे आणि शेवटच्या रांगेत बसून पाहावे. रिकाम्या सभागृहातली चाचणी मान्य करू नये.

एवढे करूनही एक मर्यादा राहते आणि ती आपल्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. हवा ही सर्वांची आहे, तिच्यावर पूर्ण ताबा कोणालाच मिळत नाही. म्हणून ज्या परीक्षेवर मुलाचे वर्ष अवलंबून आहे ती वाय-फायवर घेऊ नये. ती संगणक कक्षात, तारेवर घ्यावी. लहान चाचण्या मोबाईलवर घेण्यास हरकत नाही, पण उत्तरे फोनमध्ये साठून राहतील आणि नंतर सावकाश जातील अशी सोय पाहावी. प्राध्यापकांनी "सर्वांनी दाबा" न म्हणता रांगेरांगेने दाबण्यास सांगितले तरी मोठा फरक पडतो. वाचनासाठी हवा आणि परीक्षेसाठी तार, असा नियम असावा.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. जून २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ हजारो लोकांसमोर नवा फोन दाखवीत होते. ऐन व्यासपीठावर त्यांच्या फोनला इंटरनेट मिळेना. शोध घेतला तेव्हा त्याच सभागृहात ५७० लहान-मोठी वाय-फाय केंद्रे चालू असल्याचे आढळले, आणि त्यांतली पुष्कळशी लोकांच्या खिशातली होती. शेवटी त्यांना श्रोत्यांनाच ती बंद करण्याची विनंती करावी लागली. जगातल्या नामांकित तंत्रज्ञांची ही स्थिती, तर आपली काय कथा! तुमच्यातल्या एकाने वर्गात हॉटस्पॉट चालू केला तर तो मित्राला मदत करतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो आजूबाजूच्या सर्वांच्या हवेत आणखी एक आरोळी मिसळतो. म्हणून वर्गात हॉटस्पॉट बंद ठेवा. फोनमधील ॲप्स आपोआप अद्ययावत होण्याची सोय तासापुरती थांबवा. व्याख्यानाच्या चित्रफिती ग्रंथालयात आधी उतरवून घ्या. तासाला लागणारे वाचन, शिष्यवृत्तीचे अर्ज, स्वयंसारख्या सरकारी व्यासपीठावरील अभ्यासक्रम यांसाठी ही हवा राखून ठेवा. तुमच्या एका करमणुकीच्या चित्रफितीसाठी शेवटच्या बाकावरचा अर्ज अडता कामा नये.

पालकहो, आपणांपैकी काहींच्या मनात एक भीती असते, विशेषतः मुलींविषयी. वाय-फाय आले म्हणजे मुले बिघडतील, असे वाटते. भीती अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही. काय पाहावे आणि काय पाहू नये हे घरात बसून बोलण्याचा विषय आहे, आणि नको त्या जागा अडवण्याची व्यवस्था महाविद्यालयाच्या जाळ्यात करताही येते. परंतु फोन काढून घेतल्याने मुलगी सुरक्षित होत नाही. ती फक्त भावाच्या जुन्या फोनवर अवलंबून राहते. २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली तेव्हा एका घरात एक फोन आणि शिकणारी मुले तीन, अशा वेळी तो फोन प्रथम कोणाच्या हाती गेला, ते आपण आपल्या मनाला विचारावे.

आता पैशाचे. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या समाजातील दानशूर लोकांनी शाळा, वसतिगृहे, ग्रंथालये यांना सढळ हाताने मदत केली. इमारत डोळ्यांना दिसते, तिच्यावर नावाची पाटी लावता येते. छतातून जाणाऱ्या केबलवर पाटी लावता येत नाही. पाच वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या डबीवर तर नाहीच नाही. म्हणून अशा कामाला सुरुवातीला उत्साह असतो आणि दुसऱ्या वर्षी देखभालीला पैसा नसतो. माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे की जमा झालेला सर्व निधी पहिल्याच वर्षी सामानावर खर्च करू नये. त्यातला एक भाग दरवर्षीच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावा. लाईन सुरुवातीला बेताची घ्यावी, ती केव्हाही वाढवता येते. भिंतीतून केबल मात्र पहिल्या दिवसापासून चांगली टाकावी, कारण ती पुन्हा टाकण्यास भिंत फोडावी लागते. कार्यालयातील एका कर्मचाऱ्याला आणि दरवर्षी दोन-चार विद्यार्थ्यांना या जाळ्याची देखभाल शिकवावी. जाळे चालू राहील आणि त्या मुलांच्या हाती एक हुन्नरही येईल.

आपल्याकडे सदका-ए-जारियाची कल्पना आहे, म्हणजे ज्याचा लाभ देणाऱ्याच्या पश्चातही चालू राहतो असे दान. लोक विहीर खोदतात, झाड लावतात, मदरशाला किताबे देतात. त्यातला "जारी" हा शब्द आपण नीट ध्यानात घ्यावा. जे चालू राहते तेच दान जारी राहते. फीत कापली आणि वर्षभरात बंद पडले, ते जारी कसले?

पालकहो, पुढच्या वर्षी आपण या सभागृहात याल तेव्हा वेग किती आहे, असे कोणाला विचारू नका. शेवटच्या बाकाजवळ जा. तेथे बसलेल्या मुलाला किंवा मुलीला विचारा, "बाळ, तुझ्या फोनवर चालते का?" जे उत्तर मिळेल तोच आपल्या देणगीचा हिशेब समजा.